पणजोबा खाणीत होते म्हणे! मग त्यांचा माग कसा काढायचा?

सावद्यात खाण नाही. रावेर तालुक्यातलं हे गाव ओळखलं जातं केळीसाठी आणि केळी दिल्लीकडे पाठवणाऱ्या रेल्वे स्टेशनसाठी. खानदेशची जमीन लाव्हाच्या काळ्या खडकाची. कोळसा आणि मॅंगनीज सापडतं ते तिथून शेकडो किलोमीटर पूर्वेला, नागपूर, भंडारा, चंद्रपूर, यवतमाळ या पट्ट्यात.

तरीही घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून एखादं वाक्य निघतं. "आमचे एक काका बल्लारपूरला खाणीत होते." "पणजोबा नागपूरकडे मॅंगनीजवर गेले, ते परत आलेच नाहीत." वाक्य तिथेच संपतं. वर्ष माहीत नसतं, खाणीचं नाव माहीत नसतं, आणि तिकडे त्यांचं कुटुंब वाढलं की नाही हेही कोणी सांगू शकत नाही.

अशा अर्धवट आठवणीवरून माणूस शोधता येतो. त्यासाठी आधी त्या माणसाचा नाही, तर त्या खाणीचा इतिहास समजून घ्यावा लागतो. तो कसा, आणि शोध पुन्हा सावद्याच्या दप्तरापर्यंत कसा येतो, ते पाहू.

खाणीचा इतिहास कशाला हवा?

साधं कारण आहे. गावात माणसाची नोंद सरकार ठेवतं: जमिनीची, जन्ममृत्यूची, शाळेची. खाणीत कामाला गेलेल्या माणसाची नोंद ठेवतो मालक. मालक बदलला की कागदही एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात जातात, किंवा जातच नाहीत.

म्हणून पणजोबा कोणत्या वर्षी कोणत्या खाणीत होते हे कळलं, तर तेव्हा मालक कोण होता हे कळतं. मालक कळला की आज त्याचा वारस कोण हे कळतं. आणि अर्ज कोणाकडे करायचा ते त्यातून ठरतं. ही साखळी माहीत नसेल तर माणूस चुकीच्या दारात वर्षभर खेटे घालतो.

आधी एक खात्री: खाण, की रेल्वे?

सावदा, रावेर, यावल, फैजपूर या भागातल्या लोकांनी शोध सुरू करण्याआधी हा प्रश्न जरूर विचारावा. "आजोबा कोळशावर होते" याचा अर्थ ते कोळसा खाणीत होते असाच होतो असं नाही.

जवळचं भुसावळ हे वाफेच्या इंजिनांच्या काळातलं रेल्वेचं मोठं केंद्र. इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन, लोको शेडमध्ये कोळसा उतरवणारा हमाल, राख काढणारा कामगार, हे सगळे घरच्या भाषेत "कोळशावर"च असत. त्यांचे कागद खाण कंपनीकडे कधीच मिळणार नाहीत. ते ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे, म्हणजे जीआयपीचे कर्मचारी. १९५१ मध्ये जीआयपी आणि इतर काही रेल्वे एकत्र करून मध्य रेल्वे झाली. त्यामुळे ही चौकशी भुसावळ विभागाच्या कार्मिक शाखेत करायची.

ओळखायचं कसं? घरात रेल्वेचा पास, पितळी बिल्ला, पेन्शनचा कागद किंवा रेल्वे क्वार्टरची आठवण आहे का ते बघा. "रात्रपाळीला गाडीवर जायचे" असं कोणी सांगत असेल तर ते रेल्वेचं काम. "खाली उतरायचे", "पिटात जायचे", "हजेरी लावून दिवा घ्यायचे" असं सांगत असतील तर ती खाण.

खाणीपर्यंतचा रस्ताही रेल्वेनेच दिला. जीआयपीचा मार्ग भुसावळहून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. भुसावळ–खंडवा मार्ग पुढे जबलपूरला १८७० मध्ये ईस्ट इंडियन रेल्वेशी जोडला गेला. सावदा या दुसऱ्या मार्गावर आहे. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच सावद्याहून भुसावळला गाडी बदलून नागपूर गाठता येत होतं.

कोणती खाण, कोणाच्या ताब्यात?

महाराष्ट्रातल्या खाणकामाची ही ढोबळ साखळी लक्षात ठेवा.

*वरोरा आणि बल्लारपूरचा कोळसा.* आज वरोरा आनंदवनामुळे माहीत आहे. एकोणिसाव्या शतकात तिथे सरकारी कोळसा खाण होती. तिच्यासाठीच वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत 'वर्धा कोल स्टेट रेल्वे' टाकली गेली. ही खाण १९०६ मध्ये बंद झाली आणि कामाचा भर बल्लारपूरकडे गेला. त्यामुळे "१९२० साली वरोऱ्याच्या सरकारी खाणीत होते" अशी आठवण असेल, तर वर्ष किंवा गाव, दोन्हीपैकी एक तपासायला हवं.

*नागपूर–भंडाऱ्याचं मॅंगनीज.* १८९६ मध्ये 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट' ही संस्था सुरू झाली. पुढे तिचं नाव 'सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मॅंगनीज ओअर कंपनी', म्हणजे सीपीएमओ, असं झालं. ही इंग्लंडमध्ये नोंदलेली कंपनी होती. १९६२ मध्ये करार होऊन 'मॅंगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड' स्थापन झाली. तिच्यात ५१ टक्के भाग केंद्र, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारचा होता, ४९ टक्के जुन्या कंपनीचा. १९७७ मध्ये तोही भाग सरकारने घेतला. हीच आजची 'मॉयल', मुख्यालय नागपूर. नागपूर जिल्ह्यातल्या मनसर, कांद्री, गुमगाव, बेलडोंगरी, भंडारा जिल्ह्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, आणि मध्य प्रदेशातल्या भरवेली, उकवा, तिरोडी या तिच्या खाणी.

*स्वातंत्र्यानंतरचा कोळसा.* १९७३ पर्यंत कोळसा खाणी बहुतेक खासगी मालकांच्या होत्या. १९७१–७२ मध्ये कोकिंग कोळशाच्या आणि १ मे १९७३ पासून उरलेल्या खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं. १९७५ मध्ये कोल इंडिया आणि तिच्या उपकंपन्या उभ्या राहिल्या. विदर्भातल्या आणि मध्य प्रदेशातल्या पेंच–कन्हान भागातल्या खाणी 'वेस्टर्न कोलफिल्ड्स', म्हणजे वेकोलिकडे आल्या. तिचंही मुख्यालय नागपूर.

यातून एक सोपा नियम निघतो. पणजोबा १९७३ नंतरही कोळसा खाणीत कामावर होते, तर वेकोलिकडे काहीतरी मिळण्याची शक्यता चांगली. ते १९५० मध्येच निवृत्त झाले किंवा वारले असतील, तर जुन्या मालकाचे कागद नव्या कंपनीकडे आले असतील तरच आशा. अशा वेळी सरकारी दप्तरावर जास्त भर द्यावा लागतो.

राज्याच्या सीमा बदलल्या, दप्तरं विखुरली

सावदा होतं मुंबई इलाख्यात. नागपूर आणि चांदा (आजचं चंद्रपूर) होते मध्य प्रांतात. म्हणजे आज एकाच राज्यात वाटणारा हा प्रवास तेव्हा एका प्रांतातून दुसऱ्या प्रांतात जाण्याचा होता. विदर्भ १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. १९५६ पर्यंत छिंदवाडा, बालाघाट आणि नागपूर हे एकाच राज्यात होते, राजधानी नागपूर.

त्यामुळे जुनी सरकारी कागदपत्रं एका छताखाली नाहीत. महाराष्ट्राच्या पुराभिलेख संचालनालयाची मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे दप्तरं आहेत. खाणीसाठी नागपूर बघायचं, खानदेशच्या महसुलासाठी मुंबई आणि पुणे. बालाघाट किंवा छिंदवाड्याच्या खाणी असतील तर भोपाळचाही विचार करावा लागतो. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल' या पोर्टलवर मात्र घरबसल्या शोध घेता येतो.

खाणीतल्या कामगाराची नोंद कुठे कुठे असते?

*ब-फॉर्म रजिस्टर.* १९५२ च्या खाण कायद्याने प्रत्येक खाणीला कामगारांची नोंदवही ठेवणं बंधनकारक केलं. तिच्यात कामगाराचं नाव, वडिलांचं (स्त्री असेल तर पतीचं) नाव, वय, कामाचं स्वरूप, जमिनीखाली की वर, रुजू झाल्याची तारीख आणि सही किंवा अंगठा असतो. खाणीतले लोक याला 'फॉर्म बी' म्हणतात. वंशावळीसाठी हा सगळ्यात मोलाचा कागद, कारण त्यात एका ओळीत दोन पिढ्या सापडतात.

*सेवापत्रक.* सरकारी कंपनीतल्या कामगाराच्या फाइलमध्ये वारसदाराचं नामनिर्देशन, कुटुंबाची यादी आणि कायमचा पत्ता असतो. रजा प्रवास सवलतीसाठी जाहीर केलेलं 'मूळ गाव' तर हमखास बघा. चाळीस वर्षं बल्लारपुरात राहिलेला माणूसही त्या रकान्यात 'सावदा, जि. जळगाव' असं लिहून गेलेला असू शकतो. १९८७ मध्ये कोल इंडियाच्या कंपन्यांनी कामगारांना त्यांच्या नोंदींचा 'सर्व्हिस एक्सर्प्ट' तपासायला दिला होता. त्याची प्रत घरच्या पेटीत असू शकते.

*भविष्य निर्वाह निधी.* कोळसा खाणींसाठी १९४८ च्या कायद्याने स्वतंत्र निधी सुरू झाला, सीएमपीएफ. मुख्यालय धनबाद, विभागीय कार्यालय नागपुरातही आहे. खात्याचा क्रमांक मिळाला तर शोध खूप सोपा होतो. इतर खाणींच्या कामगारांचा पीएफ साधारणपणे नेहमीच्या ईपीएफकडे असतो.

*नुकसान भरपाईची प्रकरणं.* १९२३ चा कामगार नुकसान भरपाई कायदा १९२४ पासून लागू झाला. कामावर मृत्यू आला तर भरपाई कोणाला द्यायची हे ठरवावं लागे, म्हणून प्रकरणात विधवा, मुलं, आईवडील यांची नावं येतात.

*आश्रित नोकरी.* वडील वारले किंवा अपंग झाले आणि मुलगा लागला, अशी नोकरी असेल तर नातं सिद्ध करणारे कागद कंपनीने मागितलेले असतातच.

*भूसंपादन.* ज्यांचं गावच खाणीत गेलं त्यांच्यासाठी हा रस्ता आहे. १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखालच्या अधिसूचना भारताच्या राजपत्रात छापल्या जातात. त्यांत गावं आणि गट किंवा खसरा क्रमांक असतात. त्या क्रमांकावरून जुने हक्काचे कागद काढता येतात.

मॉयल आणि वेकोलि या सरकारी कंपन्या असल्याने त्यांना माहिती अधिकार कायदा २००५ लागू होतो. अर्जात खाणीचं नाव, अंदाजे वर्षं, कामगाराचं आणि वडिलांचं नाव, असेल तर टोकन किंवा पीएफ क्रमांक द्या. 'आमच्या पणजोबांची सगळी माहिती द्या' असा अर्ज बहुतेक वेळा फेटाळला जातो. 'अमुक खाणीच्या १९५५ ते १९६० च्या ब-फॉर्म रजिस्टरमधील अमुक नावाच्या नोंदीची प्रत' असं नेमकं मागा. खासगी माहितीचं कारण देऊन नकार येऊ नये म्हणून तुमचं नातं दाखवणारे कागद सोबत जोडा.

ज्यांची नावं सहज सापडत नाहीत

खाणीत मोठं काम ठेकेदारामार्फत चाले. माणसं ठेकेदाराची, हजेरी मुकादमाच्या वहीत, मजुरी आठवड्याची. अशा कामगारांची नोंद कंपनीच्या दप्तरात नसू शकते. मग तिथल्या गावाची नोंद कामी येते. विदर्भात जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी 'कोतवाल बुक'मध्ये सापडतात. खाणीजवळच्या गावातली शाळा आणि तिचं जनरल रजिस्टरही बघायला हवं. मूल तिथे जन्मलं किंवा शाळेत गेलं असेल, तर बापाचं नाव तिथे आहेच.

बायकांचा शोध वेगळ्या पद्धतीने घ्यावा लागतो. खाणीत बायका मोठ्या संख्येने काम करत, जमिनीखालीसुद्धा. १९२९ च्या नियमांनी त्यांना जमिनीखालच्या कामातून टप्प्याटप्प्याने बाहेर काढायला सुरुवात झाली आणि १९३९ पर्यंत ते पूर्ण झालं. दुसऱ्या महायुद्धात कोळसा कमी पडला तेव्हा १९४३ मध्ये ही बंदी उठवली गेली, आणि १९४६ मध्ये पुन्हा लागू झाली. म्हणजे "आजी लढाईच्या काळात खाली उतरायची" ही आठवण खरी असू शकते, आणि ती आठवण काळही सांगून जाते.

याच काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. डिसेंबर १९४३ मध्ये त्यांनी धनबाद भागातल्या कोळसा खाणींना भेट दिली होती. १९४४ मध्ये कोळसा कामगार कल्याण निधी सुरू झाला. त्यातून दवाखाने आणि वस्त्या उभ्या राहिल्या, आणि त्यांचेही कागद तयार झाले.

अपघाताची आठवण असेल तर

"खाणीत पाणी शिरलं, त्यात गेले" अशी आठवण दुःखद असली तरी शोधासाठी ती पक्का धागा आहे, कारण अपघाताला तारीख असते. १० डिसेंबर १९५४ रोजी छिंदवाडा जिल्ह्यातल्या न्यूटन चिखली खाणीत पाणी घुसून ६३ कामगार गेले. अशा मोठ्या दुर्घटनांची चौकशी होते आणि अहवाल छापला जातो.

खाण सुरक्षेचं सरकारी खातं १९०२ पासून आहे. आज त्याला डीजीएमएस म्हणतात, मुख्यालय धनबाद. खाणींच्या मुख्य निरीक्षकाच्या जुन्या वार्षिक अहवालांत लहान अपघातांचीही खाण, तारीख आणि कारण मिळू शकतं. मृताचं नाव असेलच असं नाही. पण तारीख मिळाली की त्या दिवसांची नागपूरची वर्तमानपत्रं, पोलीस ठाण्याची नोंद आणि भरपाईचं प्रकरण, असे तीन रस्ते उघडतात.

इंग्लंडमध्ये हे काम बरंच पुढे गेलं आहे. 'डरहम मायनिंग म्युझियम'सारख्या संस्थांनी खाणीत मेलेल्या कामगारांची नावं, वय, खाण आणि तारीख अशी यादी लोकांसाठी खुली केली आहे. आपल्याकडे अशी यादी घराघरातूनच उभी करावी लागेल.

नाव वाचायचं कसं?

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात. चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, आडनाव नसेल. जुन्या रजिस्टरात 'तुकाराम सीताराम' एवढंच असतं: स्वतःचं नाव आणि वडिलांचं.

दुसरी, आडनाव असलं तरी ते बदललेलं असू शकतं. पाटील, चौधरी, महाजन, देशमुख ही मुळात हुद्द्याची किंवा मानाची नावं. एकाच घराण्याची एक शाखा 'पाटील' लावते आणि दुसरी मूळ आडनाव. खाणीतल्या कारकुनाने कोणतं लिहिलं हे सांगता येत नाही, म्हणून दोन्ही शोधा.

तिसरी, कारकून हिंदीभाषक किंवा इंग्रजीत लिहिणारा असेल तर नावाचा उच्चार बदलतो. सावद्याचं इंग्रजी स्पेलिंगही तीनचार प्रकारे लिहिलेलं सापडू शकतं.

चौथी, गावाचं नाव. परमुलखात माणूस आपल्या खेड्याचं नाव सांगत नाही, जवळच्या बाजाराचं किंवा स्टेशनचं सांगतो. रजिस्टरात 'सावदा' लिहिलं असलं तरी मूळ गाव चिनावल, कोचूर किंवा वाघोदा असू शकतं. शिवाय ब्रिटिश काळात खानदेश जिल्ह्यात 'सावदा' नावाचा तालुकाच होता. त्यात आजच्या रावेर आणि यावल भागातली गावं येत. त्यामुळे 'ता. सावदा' दिसलं की शोध फक्त सावदा गावापुरता ठेवू नका.

जिल्ह्याचं नावही काळ सांगतं. १९०६ पर्यंत एकच 'खानदेश'. त्यानंतर 'पूर्व खानदेश' आणि 'पश्चिम खानदेश'. १९६० नंतर जळगाव आणि धुळे. कागदावर 'पू. खानदेश' असेल, तर नोंद बहुधा १९०६ ते १९६० मधली.

आता सावद्याकडे परत

खाणीच्या कागदाने नाव, वडिलांचं नाव आणि मूळ गाव दिलं की पुढचं काम गावच्या दप्तरात.

सावद्याच्या महसुली कागदांना मोठा इतिहास आहे. १७६३ मध्ये निजामाकडून हा भाग पेशव्यांकडे आला आणि पुढे सरदार रास्त्यांना दिला गेला. १८१८ नंतर इंग्रजांचा अंमल आला. १८५२ मध्ये जमिनीची मोजणी सुरू झाली तेव्हा सावद्यात दहा ते पंधरा हजार लोक जमले आणि त्यांनी मोजणीला विरोध केला. शेवटी सैन्याची तुकडी आली, म्होरक्यांना पकडलं, तेव्हा जमाव पांगला. ज्या मोजणीला आपल्या पूर्वजांनी विरोध केला, तिच्यातूनच आज आपल्याला त्यांची नावं सापडतात. सर्व्हे नंबर, आकार आणि खातेदार यांची सलग नोंद तिथून सुरू होते.

बघायचे कागद असे:

- सातबारा आणि जुने फेरफार. वारस नोंदीचा फेरफार हा वंशावळीचा कणा. बाप वारला की सगळ्या मुलांची नावं एकत्र येतात, गाव सोडून गेलेल्याचंही. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या नोंदींत मुलींची नावं बहुधा नसतात, हे लक्षात ठेवा.
- कुळाच्या नोंदी. जमीन नसलेली माणसं मालकाच्या रकान्यात सापडत नाहीत. पण दुसऱ्याची जमीन कसत असतील तर कुळ म्हणून सापडतात. १ एप्रिल १९५७ च्या 'कृषक दिना'ची कागदपत्रं यासाठी बघा.
- गाव नमुना १४. जन्ममृत्यूची जुनी नोंद. सावदा शहरासाठी नगरपालिकेचं रजिस्टरही बघा.
- शाळेचं जनरल रजिस्टर. जन्मतारीख, जात, वडिलांचं नाव आणि शाळा सोडल्याचं कारण. 'परगावी गेला' हा शेरा कधी कधी सगळा शोध सोडवतो.
- १९५१ चं राष्ट्रीय नागरिक रजिस्टर. तालुक्याच्या अभिलेख कक्षात काही ठिकाणी आहे.
- वहीवंचे आणि तीर्थोपाध्ये. लेवा पाटीदारांसह काही समाजांच्या वंशावळी भाटांच्या वह्यांत आहेत. नाशिक आणि त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या नामावळीतही पूर्वजांची सही सापडू शकते.

बरेच जुने महसुली कागद स्कॅन होऊन राज्याच्या 'आपले अभिलेख' पोर्टलवर आले आहेत. जुने कागद मोडीत असतील तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. शक साल दिसलं तर ७८ मिळवा म्हणजे इसवी सन मिळतं.

एक उदाहरण: धागा कसा जोडायचा?

समजा, ब-फॉर्ममध्ये नोंद मिळाली: 'तुकाराम सीताराम, वय २५, रुजू १९५३, सावदा, पू. खानदेश.'

वयावरून जन्म १९२८ च्या आसपास. पण वय अंदाजे सांगितलेलं असतं, म्हणून १९२३ ते १९३३ पर्यंतचं जन्माचं रजिस्टर बघायचं. शाळेत गेला असेल तर १९२९ ते १९४० चं जनरल रजिस्टर. नाव जुळलं, बापाचं नाव जुळलं, तरी थांबायचं नाही, कारण एका गावात दोन तुकाराम सीताराम असू शकतात. आता सीताराम वारल्यानंतरचा फेरफार काढायचा. त्यात भावांची नावं मिळतात. तीच नावं घरच्या आठवणीत आहेत का ते विचारायचं. तीन वेगवेगळे कागद एकाच माणसाकडे बोट दाखवतात, तेव्हाच तो आपला पणजोबा समजायचा.

यातून मिळतं काय?

भावनेपलीकडेही याला किंमत आहे. जात पडताळणीत कुटुंब ठराविक तारखेला कुठे राहत होतं हे दाखवावं लागतं: अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७. खाणीच्या गावात जन्मलेल्या नातवाकडे गावचा एकही कागद नसतो. अशा वेळी आजोबांच्या सेवापत्रकातलं मूळ गाव आणि त्या गावातली शाळेची नोंद यांची जोडी दुवा ठरू शकते. वारसाची राहिलेली नोंद, न काढलेला पीएफ, विधवेची पेन्शन, यांसाठीही हेच कागद लागतात.

म्हणूनच काळजीही घ्या. मूळ कागद कोणाही एजंटच्या हातात देऊ नका. सातबारा, पीएफ क्रमांक, आधार असलेले फोटो ग्रुपवर टाकू नका. आणि हवी ती नोंद 'मिळवून देतो' म्हणणाऱ्यापासून लांब राहा. खोटी नोंद पडताळणीत उघडी पडली तर दाखलाही जातो आणि गुन्हाही दाखल होऊ शकतो.

थोडक्यात क्रम

१. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाशी बोला, मोबाइलवर रेकॉर्ड करा.
२. जुनी पेटी उघडा: बिल्ला, पगारपत्रक, पत्रं, फोटोमागचा मजकूर.
३. खाण की रेल्वे, हे आधी ठरवा.
४. खाणीचं नाव आणि वर्षं ठरवा. १९०८ चं नागपूर आणि १९०९ चं चांदा गॅझेटिअर मदतीला आहे.
५. तेव्हाचा मालक आणि आजचा वारस शोधा, नेमका अर्ज करा.
६. मिळालेलं नाव आणि गाव घेऊन गावच्या दप्तरात या.
७. तीन कागद जुळल्याशिवाय नातं पक्कं मानू नका.

या सातांपैकी सहा कामं पुढच्या वर्षीही करता येतील. पहिलं काम मात्र याच आठवड्यात करा. दप्तरातले कागद थांबतात, ऐंशी पार केलेली आजी किंवा काका कायम थांबतीलच असं नाही.